कूलर पाडव्याआधी काढला तर काय होतं?

हिशेबनीस (साखर पेठ, सोलापूर), २३ मार्च २०२५, दुपारी २:४०

मंडळी, प्रश्न साधाच आहे. तुमच्याकडे कूलर कधी काढतात? आणि काढायचा हुकूम कुणाचा?

आमच्याकडे आईचा. पाडव्याची गुढी उतरली की मग कूलर, हा तिचा नियम. त्याआधी लावला तर ती 'नवाबी'. यंदा पाडवा ३० मार्चला आणि आज २३. बाहेर बघवत नाही इतकं ऊन आहे. पंखा पाचवर आहे आणि स्लॅबखालची गरम हवा इमानेइतबारे आमच्या अंगावर आणून सोडतोय. काल मी कागदावर हिशेब मांडला (पोटापाण्यासाठी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तेच करतो) आणि आईपुढे ठेवला. २०२३ ला पाडवा २२ मार्चला होता, गेल्या वर्षी ९ एप्रिलला, पुढच्या वर्षी १९ मार्चला येतोय. म्हणजे अधिक महिना आला-गेला की आपला कूलर तीन-तीन आठवडे मागंपुढं होतो. सूर्य काय पंचांग बघून तापतो का?

आई म्हणाली, "मग गेल्या वर्षी मेलास का?"

यावर माझ्या वहीत उत्तर नाही.

आता खरी गंमत ऐका. हीच बाई होळी झाल्यापासून "उन्हाळा लागला" म्हणत वाळवणाला बसलीय. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदलून. सबंध घराला एक आंबूस वास. मग वाटण, मग गाळण, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा, सकाळी वरची निवळी अलगद ओतून टाकायची. काल पहाटे पाचला शेगडीवर पातेलं चढलं. चीक शिजायला लागला की तो हाटणं हे आमच्या हिचं काम, कारण आईचा खांदा दुखतो. आणि "गुठळी झाली बघ" म्हणणं हे आईचं काम, कारण तोंडाला खांदा लागत नाही. पोरीची दहावी नुकतीच संपलीय. एरवी दहाला उठणारी ती वाटीत गरम चीक, तेल-तिखट घेऊन सहाला गच्चीत हजर. मला सोऱ्या दाबायला बसवलं. पुरुषाचा हात म्हणून कौतुक फक्त या एका दिवशी होतं.

नंतर मी राखणदार. काठीला काळं फडकं बांधून जिन्याच्या सावलीत बसायचं, कावळा आला की हलवायचं. दहापर्यंत कुरडई खालून ओलीच असते, कागदाला घट्ट. अकराच्या पुढं कडा आपोआप कागद सोडायला लागतात. कान दिला तर बारीक कट् कट् ऐकू येतं, अख्खी ओळ एकेक करत सुटते. दुपारी दोनला उलटायला गेलो तर चपला काढून पाय टेकवता येईना.

म्हणजे कुरडईला उन्हाळा लागला. मला नाही.

आईची एक बाजू मात्र मी मान्य करतो, ती पाण्याची. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. पेपर आला की आई आधी उजनीचा टक्का बघते, राशिभविष्य नंतर. ११७ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफुटांचं) धरण, त्यात ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, जो टक्क्यात धरतच नाहीत, त्यामुळं टक्केवारी शून्याखाली जाते आणि तरी आम्ही तेच पाणी पीत असतो. गेल्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. "धरण उणे म्हणजे? धरण उधारीवर आहे का?" तर आईचं म्हणणं, धरण उतरत असताना घरात एक पत्र्याचा डबा बसवायचा आणि त्याला रोज बादल्यांनी पाणी पाजायचं, हे कुठल्या शहाणपणात बसतं?

पण मला संशय वेगळाच आहे. आमचा कूलर पत्र्याचा, जुन्या पद्धतीचा, छातीएवढा उंच. सप्टेंबरात तो बंद झाला की आई त्याची एक बाजू काढते आणि आत सामान भरते. आज चोरून डोकावून बघितलं तेवढ्यात दिसलं ते असं: सोलापुरी चादरी (मोजल्या नाहीत, दहाच्या वर असाव्यात), आकाशकंदील, गौरीचे मुखवटे असलेली पेटी, एक पितळी घंगाळ, न वापरलेला कुकर, आणि त्यामागं अंधार. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने ते कपाट आहे. पाडव्याचं कारण धर्माचं नाही, जागेचं आहे. कूलर काढायचा तर हे सगळं ठेवायचं कुठं?

तोवर मी जुगाड म्हणून खिडकीला चादर ओली करून लावली. करू नका. सोलापुरी चादर ओली झाली की दोन माणसांना उचलत नाही. पडद्याची दांडी भिंतीतून खिळ्यासकट आली.

तर सांगा, तुमच्याकडे काय रीत? आणि यंदा कूलरला गवत टाकावं की ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी?


वायंडिंगवाले_काका, २३ मार्च, संध्याकाळी ६:१५

हिशेबनीस साहेब, आईंचं आणि तुमचं तुम्ही बघा, मी मशिनचं सांगतो. चाळीस वर्षं मोटारी भरतोय.

कूलर पाडव्याला काढा नाहीतर अक्षय्य तृतीयेला, पण काढल्या काढल्या चालू करू नका. लोक नेमकं तेच करतात आणि संध्याकाळी माझ्याकडं येतात. सहा महिने पडून पंपात क्षार धरतो, पंखा आतल्या आत अडकतो, चालू केला की नुसता घुं घुं करतो आणि कॉइल जळते. आधी पंप उघडा, आतली चकती बोटानं फिरवून बघा. अडकली असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. मोठा पंखा हळू फिरत असेल तर मोटर गेली म्हणून कुणी घाबरवेल, आधी कंडेन्सर बदलून बघा. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग पाहिजेच पाहिजे, आणि पाणी ओतताना प्लग काढून. यात चेष्टा नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू कूलरमध्ये बादली ओतणारी माणसं मी बघितलीत.

गवत की जाळी? नळाचं पाणी असेल तर जाळी घ्या, तीन-चार वर्षं जाते. बोअरचं घालणार असाल तर गवतच बरं, दर साल बदलून टाकायचं. कारण असं आहे की कूलरमधून पाणी उडतं पण क्षार उडत नाही. तुम्ही वरून नवीन ओतता, खाली जुना क्षार साठत जातो, महिन्याभरात जाळी खडूसारखी पांढरी. म्हणून आठवड्याला एकदा टाकी पूर्ण उपसायची. ते पाणी संडास-बाथरूमला वापरा, वाया नाही जात. शिवाय डेंगीचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात होतो, त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याला टाकी कोरडी झाली की त्याचंही काम संपलं.

आणि आईंना पाण्याचा आकडा मी सांगितला म्हणू नका, पण मोठा पत्र्याचा कूलर भर उन्हात तासाला पाच-सहा लिटर सहज पितो.

राहिलं जागेचं. खिडकीच्या बाहेर पाठ करून बसवा, बाहेरची कोरडी हवा आत ओढली पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. घर बंद करून लावला तर तासाभरात न्हाणीघर होतं. लोक उत्तरेची खिडकी थंड म्हणून सांगतात, ते मार्च-एप्रिलपुरतं खरं. आपल्याकडं मेच्या दहा-अकरा तारखेला सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेच्याच बाजूला. त्यापेक्षा पूर्वेची खिडकी बघा, जेवणवेळेनंतर तिथं सावली असते.


रत्नांग्रीची, २३ मार्च, रात्री ९:५०

दादा, मी रत्नागिरीची, लग्न होऊन अकरा वर्षं झाली, सध्या होटगी रोडला. माझा पहिला उन्हाळा सांगते.

माहेरी कूलर हा प्रकारच नाही. हवाच इतकी ओली की त्यात आणखी पाणी कुठं उडणार? तिथं उन्हाळा म्हणजे घाम. पाठीला साडी चिकटली की चैत्र आला. इथं आले तर मला घामच येईना. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला बहुतेक काहीतरी झालंय." त्यांनी माझा काळा ब्लाउज दोरीवरून काढून दाखवला. पाठीवर पांढऱ्या रेघा, मिठागरासारख्या. घाम येत होता, पण मला भेटायच्या आतच वाळत होता. त्या दिवसापासून तहान लागायची वाट न बघता पाणी पिते.

दुसरं म्हणजे टॉवेल. दोरीवर टाकून अर्ध्या तासात काढला तर पापड. उभा केला तर उभा राहील. नवऱ्याला वाटलं मी गंमत करतेय म्हणून मी तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात खरोखर उभा करून ठेवला.

आणि माठ! माहेरी माठातलं पाणी आणि हंड्यातलं पाणी यात फारसा फरक नसायचा. इथं कुंभार वेशीकडून येताना सासूबाईंनी रस्त्यात सहा माठ बोटाच्या पेरानं वाजवून बघितले, सातवा घेतला. म्हणाल्या, "खणखणीत वाजला पाहिजे, बद् वाजला तर बारीक तडा असतो." दोन दिवस पाणी भरून ओतून दिलं, तिसऱ्या दिवशी प्यायलो. अजून मातीची चव होती. मी हौसेनं आतून साबण लावून घासायला घेतला तेव्हा त्या जवळजवळ ओरडल्याच. माठाची भोकं बुजली की तो नुसता मडक्याचा आकार उरतो म्हणे. तो माठ तीन उन्हाळे चालला.

कूलरचं म्हणाल तर आमच्याकडे तारीख नाही. सासरे दुपारी शर्ट काढून पेपरनं वारा घ्यायला लागले की समजायचं.


कोथरूडात_सोलापूर, २४ मार्च, सकाळी ८:०५

काय मालक, बरं हाय का?

इकडं पुण्यात अडतीस झालं की लोक रडायला लागत्यात. मी म्हणतो, आमच्याकडं अडतीसला स्वेटर शोधतात.

एसी चोवीसवर लावायचा आणि वर आपलीच चादर ओढून झोपायचं, असा इथला उन्हाळा आहे. तुमच्या कपाटातल्या, सॉरी कूलरमधल्या, चादरींपैकी दोन इकडं लावून द्या. तुमची जागा होईल, माझी सोय होईल, आणि आईंना सांगा पोराच्या मित्राला लग्नात द्यायच्या राहिल्या होत्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण ते सांगू नका.


वाड्यातली_आजी, २४ मार्च, दुपारी ४:३०

बाळा, तुझ्या आईच्या वतीनं मी बोलते, कारण ती इथं लिहिणार नाही.

आमचं माहेर मंगळवेढ्याकडचं. माळवदाचं घर, हातभर जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. भर वैशाखात मधल्या खोलीत गारवा असायचा. कूलर कशाशी खातात ठाऊक नव्हतं. आता तुम्ही माळवद पाडून स्लॅब घातला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ-नऊला ओकायला लागतो. मग म्हणायचं उन्हाळा वाढला. वाढला असेल, पण थोडा तुम्ही विकतही आणलाय. वरच्या गच्चीला चुना फासून घे, पांढऱ्यावर ऊन ठरत नाही.

पाडव्याचं म्हणशील तर जागेचा विचार असेलही तिच्या मनात, बायकांना जागेचा विचार करावाच लागतो, तुम्ही कुठं करता? पण त्यात आणखी एक आहे. अंगात ऊन मुरावं लागतं. होळीपासून आठ-पंधरा दिवस थोडं थोडं सोसलं की शरीर सरावतं, मग वैशाख जड जात नाही. पहिल्याच दिवशी कूलरपुढं बसलेला माणूस मेमध्ये मंडईत जाऊन आला की आडवा होतो. म्हणून उन्हात जा असं मी म्हणत नाही हं. म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी बारा ते चार घरातच बसावं, आणि आईला चक्कर आली तर पंचांग गुंडाळून कूलर लावायचा.

जेवणात ताक, ज्वारीची आंबील, कांदा. दुपारी शेंगाचटणी जरा हात राखून. एवढं सांगते, तू ऐकणार नाहीस.


हिशेबनीस, २९ मार्च, रात्री १०:२०

आजी, शेंगाचटणीचं सोडून बाकी सगळं ऐकतो.

तुमचा मजकूर आईला वाचून दाखवला. "बघ, शहाणी माणसं आहेत अजून," म्हणाली. काकांचा तासाला पाच-सहा लिटरचा आकडा मी वाचताना गाळला होता, पण पोरगी मागून स्क्रीन बघत होती. तिनं मोठ्यानं वाचला. आता आई रोज संध्याकाळी "आज कूलर असता तर पन्नास लिटर गेलं असतं" असं जाहीर करते. न लावलेल्या कूलरनं वाचवलेलं पाणी एव्हाना दोन बॅरल झालंय.


हिशेबनीस, ७ एप्रिल, रात्री ११:१०

उशिरा लिहितोय, पण शेवट सांगायचा राहिला होता.

पाडव्याला सकाळी कडुनिंबाची चटणी झाली. तेवढ्यात शेजारच्या काकूंकडून उगादीची पच्चडी आली. इकडं साखर पेठेत निम्मी गल्ली तेलुगू, त्यामुळं नवं वर्ष आम्हाला दोनदा कडू लागतं. पच्चडी बरी, कडुनिंबाच्या फुलोऱ्याबरोबर कैरी, गूळ, चिंच, मीठ, तिखट असतं, निदान तडजोड तरी वाटते. आईची चटणी म्हणजे निव्वळ शिस्त. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गुढी उतरली, मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयारच होतो.

कपाट रिकामं करायला दीड तास लागला. चादरी चौदा निघाल्या. घंगाळात पोरीची पाचवीतली चित्रकलेची वही. मिक्सरचं वॉरंटी कार्ड सापडलं, जे आम्ही मिक्सर जळाला तेव्हा दोन दिवस शोधत होतो आणि जे आता वारलं आहे. आणि सगळ्यात मागं, त्या अंधारात, पत्र्याचा मोठा डबा. जड नव्हता. झाकण उघडलं.

गेल्या वर्षीच्या कुरडया. गळ्यापर्यंत भरलेल्या. एकीलाही हात लागलेला नाही.

घरात कुणी बोलेना. आमची ही, जिनं आठ दिवसांपूर्वी पहाटे पाचला उभं राहून चीक हाटला होता, तिनं डब्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आणि फरशी पुसायला निघून गेली. आई दोन सेकंद थांबली असेल. मग एक कुरडई काढून उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाली, "जुन्या जास्त फुलतात."

तळून बघितल्या. खरंच फुलल्या.

काका, तुमचं खरं निघालं, पंप अडकलेलाच होता. लिंबूसत्त्व घरात नव्हतं, मी चार लिंबं पिळली. त्यावर एक स्वतंत्र भांडण झालं, कारण उन्हाळ्यात लिंबाचा भाव काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. पण पंप फिरला. अर्थिंग तपासून घेतलं. गवत नवीन टाकलं, पहिल्या दिवशी ओल्या गवताचा वास घरभर सुटला तेव्हा आईसुद्धा खुर्ची सरकवून जवळ बसली, नवाबी वगैरे काही बोलली नाही. पूर्वेची खिडकी, आणि समोरचं दार दोन बोटं उघडं. काल रामनवमीला काकू पानकाचा तांब्या घेऊन आल्या, गूळ-सुंठ-मिऱ्याचं गार पाणी, त्या पण अर्धा तास कूलरपुढून हलल्या नाहीत.

कोथरूडवाले मालक, दोन चादरी पार्सल केल्या. उरल्या बारा. घरात दुसरी जागा नाही, त्यामुळं त्या, मुखवट्यांची पेटी, घंगाळ आणि दोन वर्षांच्या कुरडया सध्या माझ्या पलंगावर आहेत. कूलरच्या वाऱ्याच्या बरोब्बर समोर. मी गच्चीवर झोपतो. चुना फासलाय आजी, पाठीला खरंच कमी लागतं.

फक्त आईचे बटाट्याचे पापड अजून व्हायचेत. पहाटे साडेपाचला ती येऊन उठवते. कागद अंथरायचा असतो आणि मी नेमका त्या जागेवर असतो.